वडिलांचं घर विकण्याआधी तपासून घेतलं (जळगाव). आता आधी काय करावं?

वाघूरचं_पाणी (मूळ जळगाव, सध्या नाशिक)

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितोय. निर्णय आमच्या चौघांचा आहे आणि चौघांचं एकमत होत नाहीये.

वडिलांनी १९९३ मध्ये जळगावात घर बांधलं. पंधराशे फुटांचा प्लॉट, खाली हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, आणि वर २००६ मध्ये चढवलेली एक खोली. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई माझ्याकडे असते, घर दोन वर्षं कुलूपबंद आहे. आता विकायचं ठरलंय. दलाल म्हणतो, दिवाळीत एक हात रंग मारा, मग गिऱ्हाईक आणतो. मला ते पटेना, म्हणून ओळखीच्या इंजिनिअरला घेऊन मागच्या रविवारी घर फिरलो. तीन तास लागले.

सगळ्यात आधी मागच्या खोलीतली खिडकी. तिच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते ती थेट जमिनीजवळच्या कोपऱ्यापर्यंत. ही भेग मला लहानपणापासून माहीत आहे. बाबा दर दिवाळीला तिच्यात लांबी (पुट्टी) भरायचे, वरून रंग. उन्हाळ्यात ती पुन्हा उघडायची, रुपयाचं नाणं कडेने आत जाईल इतकी, आणि श्रावणात आपोआप मिटायची. इंजिनिअरने स्क्रूड्रायव्हरने कड खरवडली तर एकाखाली एक रंग निघत गेले. बदामी, आकाशी, पिस्ता, पुन्हा आकाशी, आणि दर दोन रंगांमध्ये लांबीचा पांढरा पापुद्रा. तो खपला मी कागदात गुंडाळून घरी आणलाय. आईने हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

बाकी जे निघालं ते असं. हॉलच्या खिडकीखाली, जिथे कूलर बसवलेला असायचा, तिथे भिंतीला हातभर उंच लोणा (ओलीने फुटलेला पांढरा खार) लागलाय. बाथरूमच्या वरच्या स्लॅबचा पोपडा पडून सळई दिसतेय. गच्चीवर पत्र्याचं शेड आहे, त्याच्या पायांचे बोल्ट थेट स्लॅबमध्ये ठोकलेत आणि बरोबर त्यांच्याखाली छताला पिवळे डाग आहेत. थ्री-पिन सॉकेट सगळीकडे आहेत, पण मोठ्या भोकात वायरच नाही. मागचा शोषखड्डा पावसात तुंबतो. आणि वरच्या खोलीची परवानगी सापडत नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, रंग मारून मोकळे होऊ. बहीण म्हणते, सगळं दुरुस्त करू. आई एकच म्हणते, "घेणाऱ्याला सांगून द्या." हातात पैसा मोजका आहे. कशाला आधी हात घालावा?

पांझराकाठ (धुळे)

मी स्थापत्य अभियंता आहे, धुळ्यात बावीस वर्षं हेच काम करतोय. भाऊ, तुम्ही जे लिहिलंत त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे भेग उन्हाळ्यात उघडते आणि श्रावणात मिटते. निदान त्यातच आहे.

आपल्याकडची काळी रेगड पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तोच प्रकार घराच्या पायाखाली होत असतो. घराच्या मध्यभागी जमीन सावलीत झाकलेली राहते, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची जमीन मात्र दर वर्षी भिजते आणि वाळते. म्हणून कोपरा खालीवर होतो, आणि भिंत तिच्या सगळ्यात कमकुवत जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात, तिरकी फाटते. लांबीने ती कधीच बरी होणार नव्हती. बाबांची चूक नाही यात, त्या काळी गवंडीही हेच सांगायचे.

नवीन बांधकामात यावर उपाय आहे. काळी माती काढून मुरूम भरायचा, किंवा खाली फुगा असलेले अंडररीम्ड पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशाच जमिनीसाठी विकसित केले. साधारण साडेतीन मीटर खाली मातीतला ओलावा ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, तिथे घराला पाय रोवायचे. जुन्या घराला हे सहजासहजी करता येत नाही. तिथे परवडणारा मार्ग एकच, पायाजवळच्या मातीचा ओलावा बारा महिने सारखा ठेवायचा.

आता मला तीन गोष्टी सांगा. शोषखड्डा त्या भेगेपासून किती लांब आहे? गच्चीचा पाईप कुठे पडतो? आणि मागे मोठं झाड आहे का?

वाघूरचं_पाणी

शोषखड्डा त्याच कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर. पन्हळाचा पाईपही तिथेच पडतो. आणि कडुनिंब आहे, बाबांनी घर बांधलं त्याच वर्षी लावलेला.

पांझराकाठ

मग बराचसा उलगडा झाला. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी एकाच कोपऱ्यात, आणि उन्हाळ्यात झाड तिथलाच ओलावा ओढतं. शिवाय शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही. माती फुगली की तिची छिद्रंच मिटतात, पाणी मुरायला वाट राहत नाही. ते पाणी मग पायाकडे सरकतं.

आज करण्यासारखं काम पाच रुपयांचं आहे. भेगेवर दोन ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसचा तळहाताएवढा पातळ थर द्या आणि त्यावर पेन्सिलने तारीख घाला. भेगेच्या दोन्ही टोकांनाही बारीक रेघ मारून तारीख लिहा. थर तडकला तर भेग जिवंत आहे, आणि रेघेच्या पुढे गेली तर वाढतेय. भेग पाच मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंतीच्या आरपार असेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा पुढे आलेली हाताला लागत असेल, तर मात्र थांबू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

केळीचा_पट्टा (सावदा)

आमना गावमा बठ्ठा असंच सांगतस, काळी मातीना भरोसा नही भाऊ, घर मुरूमवर उभं करानं पडस. पांझराकाठ भाऊंनी कारण सांगितलं ते आज कळलं. आमच्या ओसरीची फरशी दर वर्षी मधून उचलली जाते, ती याच्यामुळेच का?

पांझराकाठ

हो. जोत्यात मुरूम न भरता खोदकामातलीच काळी माती परत भरली असेल, तर फरशी उचलते किंवा बसते. एक फरशी काढून पाहा, लगेच कळेल.

भुसावळ_यार्ड (भुसावळ)

गच्चीचं मी सांगतो, वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात स्लॅब ताणला जातो, रात्री आक्रसतो, आणि जूनमध्ये तापलेल्या कोब्यावर (स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या थरावर) एकदम पाऊस. पहिली फट पडते ती कठड्याच्या कडेच्या वाट्याला, म्हणजे कठडा आणि गच्ची जुळतात तिथल्या गोलाईला. लोक मधला कोबा तपासतात, वाट्याकडे कोणी बघत नाही.

शेडचे बोल्ट तर मी प्रत्येक दुसऱ्या गच्चीवर बघतो. उन्हापासून वाचायला शेड घालायचं आणि त्याच्याच पायांनी कोबा फोडायचा. पाय कोब्यावर छोट्या चौथऱ्यात धरायला हवे होते, किंवा कठड्याला. आता प्रत्येक बोल्टभोवती कोबा खोलून, भरून, वर चौथरा बांधून घ्या. नुसतं वरून केमिकल फासलं तर एक पावसाळा जाईल.

गळती नक्की कुठे आहे ते बघायला गच्चीचं पाणी वाहून जायची तोंडं बंद करून दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास उभं करायचं. पण ज्या भागात सळई उघडी आहे तिथे आधी इंजिनिअरला विचारा, कमजोर स्लॅबवर पाण्याचं वजन नको.

बाथरूमच्या सळईचं सगळ्यात महत्त्वाचं. गंज चढला की सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. म्हणजे जेवढा पोपडा पडलाय, त्याच्या आजूबाजूलाही सुटलेलं असतं. हातोडीने हलकं ठोकत जा. घट्ट जागा ठणठणते, सुटलेली जागा भद्द वाजते. जिथवर भद्द वाजेल तिथवर खडूने गोल करा. तेवढं सगळं फोडून, सळई तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरायचं. नुसतं सिमेंटने लिंपलं तर आत गंज चालूच राहतो, आणि पुढचा पोपडा कोणाच्या तरी डोक्यावर पडतो. पैसे मोजके असतील तर हे काम पहिलं.

शहादा_वायरमन (शहादा)

भुसावळ भाऊ, माफ करा, पण पहिलं काम अर्थिंगचं. स्लॅब पडायच्या आधी बहुधा इशारा देतो, करंट देत नाही.

कूलरची लोखंडी बॉडी, आत पाणी, ओल्या फरशीवर अनवाणी पाय, आणि सॉकेटला अर्थिंग नाही. खान्देशात उन्हाळ्यात कूलरला हात लागून माणसं जातात ती अशीच. रिकामं घर बघायला येणारा माणूस पोरंबाळं घेऊन येतो, कुठेही हात लावतो. तोपर्यंत मेन स्विच बंदच ठेवा.

जुन्या घरात अर्थिंगचा खड्डा असला तरी तो मीठ-कोळशाचा असतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की तो कामातून जातो, त्यात पाणी घालत राहावं लागतं. तपासायला सोपं आहे, पण ते वायरमनकडूनच करून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये दोनशे तीसच्या आसपास व्होल्ट यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीनच्या वर दिसले तर गडबड आहे. नवीन खड्डा, सगळ्या सॉकेटला हिरवी वायर, आणि मेनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). घर विकायचं असलं तरी करा. वायरिंग ॲल्युमिनियमचं आहे का तेही एक स्विचबोर्ड उघडून बघा.

बोरीकाठची (अमळनेर)

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आम्ही २०१९ मध्ये घर घेतलं, मार्च महिन्यात. भिंती नुकत्या रंगवलेल्या, वासही गेलेला नव्हता. कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर आला, टेपने मोजमाप घेतलं, फोटो काढले आणि वीस मिनिटांत गेला. आम्हाला वाटलं, बँकेने बघितलं म्हणजे घर तपासून झालं. तो घराची किंमत बघायला आला होता, भिंतीत काय आहे ते बघायला नाही, हे नंतर समजलं.

जुलैमध्ये रंगाला फुगे आले. बोटाने दाबला की फुगा फुटून आतून पांढरी भुकटी सांडायची. माझ्या मुलीला दमा आहे. त्या पावसाळ्यात तिला घेऊन मी माहेरी जाऊन राहिले. दुरुस्तीला पैसे गेले ते गेले, पण विकणारे आमच्या ओळखीचे होते, लग्नकार्यात भेटणारे, त्याचं जास्त वाटलं. त्यांनी सांगितलं असतं तरी आम्ही ते घर घेतलं असतं. फक्त उन्हाळ्यातच भिंत खोलून घेतली असती आणि मग राहायला गेलो असतो.

वाघूर दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कूलरच्या भिंतीचं आमच्याकडेही होतं. गवंड्याने लोणा लागलेलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत पूर्ण काढलं, विटा उन्हाळाभर उघड्या वाळू दिल्या आणि मगच नवीन प्लास्टर केलं. कूलर आता भिंतीपासून सुटा, स्टँडवर, आणि त्याच्या पाण्याला नळीने वाट दिली आहे. त्यानंतर भिंत कोरडी आहे.

अनेर_खोरं (शिरपूर)

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. मी दोन घरं विकली आहेत. आपण दहा दोष मांडून बसलो की घेणारा अकरावा शोधतो आणि भाव पाडतो. शेजारचा तसंच घर रंगवून चढ्या भावाने विकतो. जुनं घर आहे, "जसं आहे तसं" लिहून द्यावं. घेणाऱ्याने त्याचा माणूस आणावा, त्याला कोणी अडवलेलं नाही.

चोपडा_दफ्तर (चोपडा)

अनेर भाऊ, कायदा थोडा वेगळा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला जो मोठा दोष माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला दिसला नसता, तो सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. रंगाखाली झाकलेली भेग नेमकी त्यात बसते. उघड्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट वेगळी, झाकलेली वेगळी. वाघूर भाऊंनी तर इंजिनिअर आणून तपासलंय, आता माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही, आणि त्यांना तसं म्हणायचंही नाही.

कागदांचं. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि घर त्यांच्या स्वकमाईचं असेल, तर आई, दोघे भाऊ आणि बहीण या चौघांचा सारखा हिस्सा. आधी वारस नोंद करून चौघांची नावं मिळकत पत्रिकेवर आणा. बहिणीला "सही करायला ये" म्हणून ऐन खरेदीच्या दिवशी बोलावू नका, आजपासून बरोबर घ्या. ती हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं, साध्या स्टॅम्पवर चालत नाही. बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला एका फाईलमध्ये लावा. घेणाऱ्याचा वकील सर्च रिपोर्टसाठी (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासासाठी) तीस वर्षं मागे जाईल.

वरच्या खोलीसाठी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती नियमित करता येते का ते विचारा. सामासिक अंतर (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) सुटलेलं असेल आणि चटईक्षेत्र (प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्रफळ) शिल्लक असेल तर दंड भरून होऊ शकतं. इसार घेण्याआधीच हे उरका. नंतर घेणाऱ्याचं कर्ज त्याच खोलीवर अडतं, आणि इसार परत मागण्यापासून भांडण सुरू होतं.

धाब्याचं_घर (पारोळा)

मध्येच विचारतो. आमचं आजोबांचं धाब्याचं घर आहे, मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचं सपाट छत. त्याला घेणारा आलाय, लाकडासाठी नाही, राहण्यासाठी. काय तपासावं?

पांझराकाठ

तुळईचं टोक भिंतीत शिरतं ती जागा. तुळई मध्ये ठणठणीत दिसते आणि टोकाला भिंतीतल्या ओलीने कुजलेली असते, किंवा वाळवीने पोखरलेली. टोकाजवळ जाड दाभण टोचा. साग दाद देत नाही. सहज अर्धा इंच आत गेलं तर ते टोक गेलं. वाळवीच्या मातीच्या नळ्या भिंतीवर शोधा, विशेषतः देवघर आणि कोठीच्या मागे.

दुसरं, वरच्या मातीची जाडी. दर पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकायची आपली पद्धत, पण जुनी खरवडून काढायचं राहून जातं. पन्नास वर्षांत थरावर थर चढून धाब्याचं वजन मूळच्या कितीतरी पट झालेलं मी पाहिलंय. एका कोपऱ्यात खणून जाडी मोजा. वजन कमी केलं तर ही घरं अजून दोन पिढ्या टिकतात, आणि पंचेचाळीसच्या उन्हात आपल्या स्लॅबच्या घरांपेक्षा थंड राहतात. घेणारा राहायला येतोय हे वाचून बरं वाटलं.

वाघूरचं_पाणी

मंडळी, चार महिन्यांनी येतोय. सगळ्यांनी सांगितलेलं आम्ही चौघांनी एकत्र बसून वाचलं, बहीण व्हिडिओ कॉलवर होती.

आधी वायरमनचं ऐकलं. अर्थिंगचा खड्डा सापडलाच नाही, नवीन केला. मग बाथरूमचा स्लॅब. खडूचा गोल पोपड्याच्या तिप्पट निघाला. मग मागचा कोपरा. चेंबर उघडलं तर चिनी मातीच्या पाईपचा सांधा फुटलेला, आणि त्यातून कडुनिंबाची मुळं आत शिरून केसांसारखी दाट जटा झालेली. हातभर लांब ओढून काढली. म्हणजे वर्षानुवर्षं अर्धं सांडपाणी शोषखड्ड्यापर्यंत पोचतच नव्हतं, तिथेच पायाशी मुरत होतं. पाईप बदलला, सांडपाणी महापालिकेच्या गटारीला जोडलं, शोषखड्डा मुरमाने भरून बंद केला, पन्हळ पुढे वळवलं आणि घराभोवती चार फुटांचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा केला. झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवली. गच्चीचे बोल्टही झाले. पैसे इथे संपले. लोणा लागलेलं प्लास्टर काढून भिंत उघडीच ठेवली आहे, रंग मारलेला नाही. वरच्या खोलीची फाईल महापालिकेत आहे, चलन भरलंय.

इंजिनिअरचा दोन पानी अहवाल, आधीचे-नंतरचे फोटो, बिलं आणि काय राहिलंय त्याची यादी, अशी फाईल केली. पहिले दोघं फाईल बघून परत आले नाहीत. तिसरं कुटुंब एरंडोलचं, नवरा-बायको दोघं शिक्षक. त्यांनी फाईल घरी नेली, आठवड्याने स्वतःचा इंजिनिअर घेऊन आले. दीड लाख कमी करून मागितले, प्लास्टर आणि रंग त्यांचा. आम्ही हो म्हटलं. खोलीची परवानगी हातात आली की खरेदीखत.

प्लास्टर ऑफ पॅरिसवर दिवाळीची तारीख आहे. एका थराला केसाएवढी रेघ गेली आहे, दुसरा शाबूत. त्या बाई म्हणाल्या, हे असंच राहू द्या, पुढच्या श्रावणापर्यंत आम्ही बघतो.

पांझराकाठ भाऊ, एक शेवटचं विचारायचंय. घेणारे कडुनिंब तोडायचं म्हणतायत. आईचा जीव त्यात आहे, पण घर आता त्यांचं होणार. त्यांना काय सांगू?

पांझराकाठ

केसाएवढी रेघ अपेक्षित होती. पाणी आत्ताच बंद झालंय, तो कोपरा एखादं वर्ष वाळत राहील. पुढच्या उन्हाळ्यात थोडी उघडेल, घाबरू नका म्हणावं.

झाड एकदम तोडू नका. तीस वर्षं ते जे पाणी ओढत होतं ते तोडल्यावर मातीतच राहील, माती फुगेल आणि कोपरा उलट वर उचलला जाईल. भेग मग दुसऱ्या दिशेने पडते. शिवाय तोडायला महापालिकेची परवानगी लागते. दर वर्षी पावसाळ्याआधी फांद्या छाटून छत्री लहान ठेवायला सांगा, आणि घराच्या बाजूला तीन फूट खोल चर खणून मुळं अडवायला एक पातळ काँक्रीटची भिंत घालायला सांगा. छाटणीलाही परवानगी विचारून घ्यावी. खरेदीखताच्या आधी मी एकदा जळगावला येणार आहे, त्यांना चालणार असेल तर चर कुठून खणायचा ते जागेवर दाखवतो. पैसे नकोत.

वाघूरचं_पाणी

त्यांना आत्ताच फोन केला. रविवारी सकाळी चालेल म्हणाले. आईही येतेय.